जुन्या गाडीचा सेल्फ घेत नाही? काहीही विकत घ्यायच्या आधी वायरिंग या क्रमाने तपासा

पावसाळा लागला की ठाण्यात आणि नवी मुंबईत एमएच ०४, एमएच ४३ वाल्या जुन्या ८००, झेन, ओम्नी, सँट्रो सकाळी पार्किंगमध्ये नुसतं "टक" करून गप्प बसायला लागतात आणि मग पुढचं सगळं ठरलेलं असतं. आधी नवीन बॅटरी, त्यावर थोडे दिवस बरं चालतं, मग परत टक, मग गॅरेजवाला सेल्फकडे, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरकडे, बोट दाखवून म्हणतो "साहेब, सेल्फ गेलाय, नवीन टाकू", तोही टाकून होतो आणि शेवटी कोणीतरी गिअरबॉक्सजवळची एक सडलेली अर्थिंगची पट्टी (करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी वायर) बदलतो आणि गाडी अर्ध्या चावीत चालू. पैसे गेले ते गेलेच. हे होतं कारण लोक मोजायच्या आधी बदलतात, आणि मोजतात तेव्हापण सेल्फ न मारता मोजतात.

छोट्या पेट्रोल गाडीतसुद्धा सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर करंट ओढला जातो. एवढ्या करंटला एखाद्या थिंबलवर (केबलच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कड्यावर) फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी तिथेच १ ते दीड व्होल्ट खाल्ला जातो, आणि अशा दोन-तीन जागा असल्या की सेल्फला मिळतात जेमतेम ७-८ व्होल्ट. हा ०.०१ ओहम साध्या मल्टिमीटरवर दिसतच नाही, आतून सडून दोन-चार तारा शिल्लक राहिलेली केबलपण मीटरच्या कंटिन्युइटी टेस्टला (वायर अखंड आहे का बघायची सोय) छान बीप देते. त्यामुळे बीप वाजला म्हणजे वायर ओके, ही समजूत आधी डोक्यातून काढा. पाइपात गाळ असला तरी नळ बंद असताना प्रेशर पूर्णच दिसतं, नळ सोडल्यावर कळतं, तसंच आहे हे.

खाली जे सांगतोय ते कार्ब्युरेटरच्या आणि सुरुवातीच्या एमपीएफआयच्या (पेट्रोल इंजेक्टरने फवारणाऱ्या) मॅन्युअल गिअर गाड्यांसाठी आहे. बटन स्टार्टवाल्या नवीन गाड्यांवर हे प्रयोग करू नका.

टप्पा १: तयारी

सामान फार नाही लागत. साधा डिजिटल मल्टिमीटर, तो डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब घेऊन त्याला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प (एलईडीचा टेस्टर नको, कारण पुढे येईल). १०, १२, १३ चे पाने, पॉलिश पेपर, वायर ब्रश, खायचा सोडा, जंपर केबल, आणि चावी फिरवायला एक माणूस.

या माणसाला आधीच नीट समजावून ठेवा की "मार" म्हटलं की मारायचं, "सोड" म्हटलं की त्याच सेकंदाला सोडायचं, मध्ये ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. बॉनेट वर असल्यामुळे त्याला तुम्ही दिसत नसता आणि तुमचे हात फॅन बेल्टच्या जवळ असतात, म्हणून ही बोलाचाली ठरलेली असलीच पाहिजे.

गाडी सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला विटा. पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर हे करायला जाऊ नका.

आता महत्त्वाचं. टेस्ट करताना इंजिन चालू व्हायला नको, नुसतं फिरायला हवं. कार्ब्युरेटर गाडीत इग्निशन कॉइलला येणारी बारीक प्लसची वायर काढा आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळा. एमपीएफआय गाडीत फ्युएल पंपाचा फ्युज काढा, लाइनमध्ये प्रेशर शिल्लक असल्याने सुरुवातीला इंजिन थोडं चालू होऊन बंद पडेल, ते ठीक आहे. सीएनजी किट असेल तर स्विच पेट्रोलवर, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, आणि बॉनेट उघडून थोडा वेळ हवा खेळू द्या. गॅसचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर आधी तो निस्तरा, बाकी सगळं नंतर.

सावधान: घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. बॅटरी काढताना आधी मायनस काढायचा आणि लावताना मायनस शेवटी लावायचा. प्लसच्या नटवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर मायनस जोडलेला असल्यास ठिणगी नाही, वेल्डिंग होतं.

सावधान: मीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना कधीच लावायचा नाही.

अजून एक, आणि हे जवळजवळ सगळेच चुकतात. काहीही साफ करायच्या, हलवायच्या, घट्ट करायच्या आधी मोजा. सगळे नट एकदा फिरवले की फॉल्ट लपतो, गाडी चालू होते, आपण खूश, आणि पुढच्या जोरदार पावसात तेच परत, तेही ऐरोलीच्या पुलावर.

टप्पा २: आवाज ऐका, हेडलाइट बघा

हेडलाइट लावून समोर भिंतीवर पाडा आणि चावी मारा. नुसत्या एवढ्यावर अर्धं निदान होतं.

भराभर टकटकटकटक वाजतंय: बॅटरी उतरलेली किंवा बॅटरीचंच टर्मिनल खराब. सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेवर चालणारा मोठा स्विच) ओढला जातो, व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, परत ओढला जातो, असं ते चालतं. टप्पा ३ नीट करा.

एकच टक आणि हेडलाइट एकदम मंद: बॅटरी, टर्मिनल, नाहीतर सेल्फ आतून जॅम.

एकच टक आणि हेडलाइट जसाच्या तसा: करंट पुढे जातच नाहीये. सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट जळालेले, सेल्फचे कार्बन ब्रश (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) संपलेले, किंवा सेल्फच्या बाजूची जाड वायर किंवा इंजिनची अर्थिंग गेलेली.

आवाजच नाही, पण लाइट-हॉर्न व्यवस्थित: बारीक वायरचा रस्ता, म्हणजे चावीपासून सोलेनॉइडपर्यंत. टप्पा ६.

इंजिन फिरतं पण रडत रडत: टप्पा ३ ते ५ सगळे करा.

सेल्फ गर्रर्र मोकळा फिरतो, इंजिन हलत नाही: हा वायरिंगचा विषयच नाही, पिनियन-बेंडिक्सचा (इंजिनच्या चाकात अडकणाऱ्या सेल्फच्या दातेरी चाकाचा) आहे, सेल्फ उतरवावा लागेल.

एक प्रकार वेगळा. घोडबंदरच्या जॅममधून तापून आलेली गाडी सीएनजीच्या रांगेत बंद केली आणि परत घेतच नाही, अर्ध्या तासाने आपोआप घेते. इथे बहुतेक वेळा बारीक वायर आणि इग्निशन स्विच दोषी असतो, कारण तापलेल्या सोलेनॉइडच्या कॉइलचा रेझिस्टन्स वाढतो आणि त्यात स्विचमधून कमी व्होल्टेज येत असेल तर तो ओढलाच जात नाही. असा फॉल्ट गार गाडीत शोधून सापडणार नाही, गाडी तापवूनच मोजा.

सावधान: चावी सोडल्यावरही सेल्फ फिरत राहिला तर विचार न करता बॅटरीचा मायनस काढा. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट चिकटलेत, तसंच राहिलं तर केबल पेटू शकते. म्हणून टेस्ट करताना १० चा पाना मायनसच्या नटाच्या शेजारीच ठेवा.

टप्पा ३: बॅटरी, पण दोनदा मोजून

मीटरच्या पिना बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवा, त्यांच्यावर बसवलेल्या वायरीच्या क्लँपवर नाही. हा फरक छोटा वाटतो पण पुढचं सगळं यावर आहे.

गाडी रात्रभर उभी असताना १२.६ म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून आणा, त्याशिवाय पुढचे आकडे खोटे येतील. आत्ताच गाडी फिरवून आणली असेल तर एक-दोन मिनिटं हेडलाइट लावून मग मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज दिसतो. इथे बऱ्याच जणांची गाडी आठवडाभर उभीच असते, स्टेशनपर्यंत रिक्षा, पुढे लोकल, आणि गाडी फक्त रविवारी निघते, तिची बॅटरी अर्धी असणं काही नवल नाही.

आता दुसऱ्यांदा, सेल्फ मारत असताना. ९.६ च्या खाली जायला नको, चांगली बॅटरी १० च्या वर राहते.

तपासा: बॅटरी फुल चार्ज होती तरी ९.६ च्या खाली कोसळली तर बॅटरी म्हातारी आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय, बॅटरीवाल्याकडे लोड टेस्ट करून घ्या. आणि बॅटरी ११.५ च्या आसपास आरामात बसलीये पण सेल्फ मात्र रडतोय, तर समजा की बॅटरी निर्दोष आहे, करंट वाटेत अडतोय. नवीन बॅटरीचे पैसे इथेच वाचले.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. मीटरचा आकडा तीन-चार सेकंदात स्थिर होतो, तेवढं पुरतं.

टप्पा ४: मायनस बाजू, म्हणजे अर्थिंग

बहुतेक लोक प्लसच्या लाल वायरकडे बघत बसतात. पण करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो, आणि परतीचा रस्ता गाडीच्या सगळ्यात घाणेरड्या जागेतून जातो, गिअरबॉक्सच्या खालून, जिथे पाणी, चिखल, ऑइल सगळं उडतं. वाशी, नेरूळ, ऐरोलीसारख्या खाडीजवळच्या भागात उघड्यावर लागणाऱ्या गाड्यांची ही पट्टी तर विचारूच नका.

१. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर, लाल पिन सेल्फच्या उघड्या धातूवर. सेल्फ कुठे आहे कळत नसेल तर बॅटरीच्या प्लसची जाड वायर जिथे संपते तिथे बघा. रंग लागलेल्या जागेवर पिन टेकवू नका, खरवडून टेकवा.

२. "मार." आकडा बघा. ०.२ पर्यंत उत्तम, ०.३ पर्यंत चालेल, त्याच्या वर गेला तर अर्थिंग खराब.

३. जास्त आला तर तुकडे पाडा. काळी पिन खुंटावर तशीच ठेवून लाल पिन आधी मायनसच्या क्लँपवर, मग बॉडीवर जिथे वायर बोल्ट केलीये तिथे, मग इंजिनच्या ब्लॉकवर, मग परत सेल्फच्या बॉडीवर. प्रत्येक वेळी सेल्फ मारायचा. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा उडी मारतो तिथेच चोर आहे. समजा क्लँपवर ०.०५, बॉडीवर ०.१ आणि ब्लॉकवर एकदम १.३ आला, तर बॉडी आणि इंजिनच्या मधली पट्टी गेली, बाकी काही उघडायची गरज नाही.

तपासा: मीटरवर विश्वास बसत नसेल तर जंपर केबलचं एक टोक मायनस खुंटाला आणि दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा आणि सेल्फ मारा. एकदम टणकन घेतला तर अर्थिंगच, वाद संपला.

अर्थिंग गेलेल्या गाडीची एक खूण सांगतो. करंट परत जायला दुसरा रस्ता शोधतो, आणि ॲक्सिलरेटर किंवा क्लचची केबल हा धातूचा रस्ता इंजिनपासून बॉडीपर्यंत तयारच असतो. दोन-चारदा सेल्फ मारून ही केबल गरम लागत असेल, किंवा ती परत परत जाम होत असेल, तर केबल बदलत बसू नका, अर्थिंग बघा.

आणि गाडीचं डेंटिंग-पेंटिंग नुकतंच झालं असेल तर सगळ्यात आधी अर्थिंगचा बोल्ट उघडून बघा. त्याच्या खाली चकचकीत नवा रंग मारून वर थिंबल कसलेलं हमखास सापडतं. दिसायला सुंदर, करंटला भिंत.

टप्पा ५: प्लस बाजू

सोलेनॉइडवर दोन जाड बोल्ट असतात. एकावर बॅटरीची केबल येते, त्याला बी म्हणू. दुसऱ्यावरून जाड वायर किंवा वेणी सेल्फच्या पोटात जाते, त्याला एम म्हणू. शेजारी एक बारीक वायरीची पिन असते, ती एस.

लाल पिन बॅटरीच्या प्लस खुंटावर, काळी पिन बी बोल्टवर, सेल्फ मारा. ०.३ च्या आत पाहिजे. जास्त आला तर खुंट ते क्लँप, क्लँप ते केबलचं थिंबल, असं पुढे सरका. मग काळी पिन एम वर घ्या. बी आणि एम च्या आकड्यातला फरक म्हणजे सोलेनॉइडच्या आतल्या कॉन्टॅक्टवर जाणारा व्होल्टेज, तो ०.२-०.३ पर्यंत ठीक. टक वाजतोय, सेल्फ फिरत नाहीये आणि बी-एम मध्ये जवळजवळ सगळा बॅटरीचा व्होल्टेज दिसतोय, तर कॉन्टॅक्ट जळालेत. एम पर्यंत १२ पोचतायत, बॅटरी खाली येत नाहीये आणि तरी सेल्फ मख्ख, तर आतले ब्रश.

सेल्फ न मारता प्लस खुंट ते एम मोजलं तर १२ व्होल्ट दिसणारच, ते बघून घाबरू नका, सोलेनॉइड उघडा असतो तेव्हा तसंच असतं.

सावधान: बी आणि एस पान्याने शॉर्ट करून सेल्फ मारणं गॅरेजमध्ये रोज बघता, पण गाडी गिअरमध्ये असेल तर ती पुढे उडी मारते आणि तुम्ही समोर उभे असता. करायचंच असेल तर न्यूट्रल स्वतःच्या हाताने तपासा, समोरून बाजूला व्हा, आणि पान्याऐवजी दोन क्लिप लावलेलं पुश बटन वापरा.

टप्पा ६: बारीक वायर

१. एस वरची वायर उपसा. टेस्ट लॅम्पचं एक टोक या वायरीला, दुसरं इंजिनला. "मार." वायर काढलेली असल्याने सेल्फ फिरणार नाही. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. इथे एलईडी टेस्टर किंवा नुसता मीटर फसवतो, सडलेल्या वायरीतून मीटरला १२ दिसतात कारण मीटर काही ओढतच नाही, बल्ब लावला की खरं कळतं.

२. बल्ब पेटला तर वायर परत लावा आणि लाल पिन प्लस खुंटावर, काळी एस वर ठेवून सेल्फ मारा. दीड व्होल्टच्या वर आलं तर चावीच्या रस्त्यात व्होल्टेज गळतोय.

३. पेटलाच नाही किंवा पिवळट पेटला तर मागे मागे जा. एस ची पिन आधी बघा, ती ढिली झालेली असते, नोज प्लायरने हलकेच दाबली की घट्ट बसते. मग वायर कुठे घासलीये का, उंदराने कुरतडलीये का. मग स्टिअरिंगखालचा इग्निशन स्विचचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड), त्यात येणारी जाड वायर आणि स्टार्टला जाणारी वायर दोन्हींवर बल्ब लावा. येणारीवर लख्ख, जाणारीवर मंद, तर स्विच. प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं दिसलं तर मोजायचीपण गरज नाही.

४. आणि मधली भानगड: नंतर बसवलेला अलार्म किंवा सेंट्रल लॉक. बसवणारा स्टार्टची वायर कापून मध्ये रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकतो, जॉइंट नुसते पिळून टेप मारलेले असतात, आणि दहा वर्षांनी टेपचा गोंद वितळून आत हिरवं झालेलं असतं. डॅशबोर्डखाली काळ्या टेपचा गोळा दिसला की आधी तो उघडा.

टप्पा ७: दुरुस्ती

बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-निळी पावडर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, झाकणं बंद असू देत, सोड्याचं पाणी सेलमध्ये गेलं तर बॅटरी खराब होते. सुकवा, खुंट आणि क्लँप पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट करा, आणि मगच वरून व्हॅसलिन. लोक आधी ग्रीस फासतात आणि मग कसतात, तसं नको.

केबल खराब निघाली तर थिंबलजवळचं इन्सुलेशन दोन इंच कापून बघा. तांबं लाल दिसलं तर नुसतं थिंबल बदला. काळं किंवा हिरवं असून बोटाला पावडर लागत असेल तर पूर्ण केबल बदला, कितीही मागे कापलं तरी काळंच निघत जातं. छोट्या पेट्रोल गाडीला २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल भरपूर झाली. थिंबल क्रिम्पिंग मशीनने दाबून घ्या, हातोड्याने चेपलेलं थिंबल दिसतं घट्ट पण आत हवा राहते. वरून गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह. बॉडीवर अर्थिंग लावताना रंग पूर्ण खरवडून लखलखीत पत्रा दिसला पाहिजे, मग दात्यांचा वॉशर, बोल्ट, आणि शेवटी बाहेरून ग्रीस.

टप्पा ८: रिले, लागला तरच

जुन्या गाड्यांमध्ये सोलेनॉइडचा सगळा करंट इग्निशन स्विचमधून जातो आणि म्हणूनच तो स्विच झिजतो. टप्पा ६ मध्ये व्होल्टेज गळताना दिसला असेल तर ४ पिनचा १२ व्होल्ट ४० अँपिअर रिले टाका. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून ३० अँपिअरच्या फ्युजमधून वायर, फ्युज बॅटरीच्या जवळ. ८७ वरून एस ला. चावीकडून येणारी जुनी एस ची वायर ८६ ला. ८५ अर्थिंगला. ३० आणि ८७ ला ४ स्क्वेअर एमएम वायर वापरा. रिलेच्या पिना खाली तोंड करून बसवा म्हणजे पाणी साचत नाही.

सावधान: दुकानात ५ पिनचा मिळाला तर मधली ८७ए मोकळी सोडा. चुकून एस ची वायर तिला लागली तर बॅटरी जोडल्या जोडल्या, चावी नसताना, सेल्फ फिरायला लागेल.

जाड केबल खराब असताना रिले टाकून काही होत नाही, टक जरा जोरात वाजेल इतकंच.

टप्पा ९: परत मोजा

दुरुस्तीनंतर टप्पा ३, ४, ५ चे आकडे परत घ्या आणि आधीच्या आकड्यांशेजारी कागदावर लिहा. मग कॉइलची वायर किंवा पंपाचा फ्युज परत लावा, गाडी चालू करा, बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान येतंय का बघा. त्याच्या खाली असेल तर अल्टरनेटरकडे जावं लागेल, नाहीतर आठवड्याने बॅटरी परत उतरेल आणि तुम्ही परत अर्थिंग शोधत बसाल.

सगळे आकडे व्यवस्थित आहेत आणि तरी सेल्फ रडतोय, तर आता खुशाल सेल्फ उतरवा, आधी मायनस काढून. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेताना हा कागद दाखवा आणि सांगा की अर्थिंगला ०.२, प्लसला ०.३ येतंय, ब्रश, बुश आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बघून सांगा. जुने पार्ट परत मागा. झिजलेले ब्रश बोटाएवढ्या जागेत चिमूटभर उरलेले दिसतात, आणि बुश (फिरणारा दांडा ज्यात बसतो ती कडी) झिजला असेल तर आर्मेचरवर (सेल्फच्या आतल्या फिरत्या भागावर) एका बाजूने घासल्याची चमकदार पट्टी दिसते. दोन्हीपैकी काहीच नसेल आणि तो तरी नवीन सेल्फच म्हणत असेल तर दुसऱ्याकडे दाखवा.